फॉर्मवरचा मेजर आणि लिबरल आर्ट्‌स कॉलेजचा प्रवेश

आपल्याकडे प्रवेश म्हणजे शाखा. कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मवर कॉलेज आणि शाखा मिळून एकच कोड असतो, त्यामुळे ‘कॉम्प्युटर नको, सिव्हिल टाक, लागेल नंबर’ हे गणित घरोघरी चालतं. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) भरताना ‘इंटेंडेड मेजर’चा, म्हणजे पदवीसाठी कोणता मुख्य विषय घेणार त्याचा, रकाना आला, तेव्हा बाबांनी आणि मी तेच गणित मांडलं. कमी गर्दीचा विषय टाकायचा, आत गेल्यावर बदलायचा. मी क्लासिक्स टाकलं, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिनचा अभ्यास.

अडवलं ते भूगोलाच्या बाईंनी. अर्ज वाचून म्हणाल्या, “अगं, यात लॅटिन कुठंय?” निबंध होता माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरींवर. दोन उन्हाळे मी दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी मोजली होती, ती वही अर्जाचा कणा होती. वाचणाऱ्याला ही विसंगती पहिल्या पानावरच दिसली असती. मी क्लासिक्स खोडून भूशास्त्र लिहिलं.

विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, कार्लटन, ग्रिनेल अशा लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत, म्हणजे विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळे विषय शिकवणाऱ्या, पदवीच्या शिक्षणावर भर असलेल्या छोट्या कॉलेजांत, प्रवेश कॉलेजला मिळतो, विभागाला नाही. मेजर साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. ग्रिनेलमध्ये तर पहिल्या वर्षाचा ट्युटोरियल आणि मेजरचे विषय सोडले, तर सक्तीचं असं काही नाही. तेव्हा ‘अनडिसायडेड’ लिहायला बिचकू नका. अर्ज वाचणारे रकान्याकडे बघतात, पण तुमच्या निबंधाशी, शिफारसपत्रांशी तो जुळतो का एवढ्यासाठी.

अपवाद आहेत. ओबर्लिनच्या संगीत कॉन्झर्व्हेटरीचा प्रवेश वेगळा, तिथे ऑडिशन द्यावी लागते. आणि हे सगळं मोठ्या विद्यापीठांना लावू नका. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनसारख्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सची चुरस वेगळीच असते, मागाहून त्यात शिरणं फार अवघड.

आपल्यासारख्यांच्या प्रवेशावर मेजरपेक्षा कितीतरी जास्त परिणाम होतो तो पैशांचा. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक गरज निर्णयाच्या आड येऊ देत नाहीत, पण बहुतेक कॉलेजं तुम्ही किती मदत मागता हे बघतात. क्लासिक्स की भूशास्त्र यावर आम्ही तीन आठवडे घालवले. ते मदतीचे कागद नीट भरण्यात घालवायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

मेजरचा खरा परिणाम दिसतो तो पदवीनंतर. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर 12 महिने काम करता येतं. मेजर ‘स्टेम’मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) मोडत असेल तर आणखी 24. अर्थशास्त्र काही कॉलेजांनी स्टेममध्ये नोंदवलंय, काहींनी नाही. नाव तेच, मुदतीत दोन वर्षांचा फरक. कॉलेज पक्कं करण्याआधी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला ईमेल करून तुमच्या विषयाचा ‘सीआयपी कोड’ (विषय स्टेममध्ये मोडतो का हे ज्यावरून ठरतं तो सरकारी वर्गीकरणाचा आकडा) विचारून घ्या. मी विचारला होता, दोन दिवसांत उत्तर आलं.