आजेसासूबाईंचा बंब आणि अंगणातला गरम हौद

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत धुकं उतरलं की शहराच्या लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी समोरचं दार दिसत नाही, पारा चार-पाच अंशांवर येतो आणि माईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे जिन्याची एक पायरी चढू देत नाहीत. गरम पाण्याने त्यांना आराम पडतो. पण बादलीत पावलं बुडतात, गुडघे बुडत नाहीत. तयार हॉट टबची किंमत ऐकून मी तो विचार सोडला होता. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब खाली काढला, तेव्हा वाट सापडली.

पाणी तापवायला बंब (मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी), बसायला हौद आणि दोघांना जोडणाऱ्या दोन नळ्या, एवढंच लागतं. बंबातलं पाणी तापलं की हलकं होऊन वर चढतं आणि वरच्या नळीने हौदात जातं. त्याची जागा घ्यायला हौदाच्या तळाचं गार पाणी खालच्या नळीने बंबात येतं. विस्तव आहे तोवर हे फिरणं चालू राहतं. पंप नको, वीज नको.

हौद म्हणून मी कबाड्याकडून हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी बाराशे रुपयांत आणली. तिचं तोंड तडकलं होतं, पण आपल्याला वरचा भाग नकोच असतो. तळापासून 28 इंचांवर खडूने रेघ मारून धाकट्या भाऊजींनी ती करवतीने कापली. कापलेली कड हाताला लागते, म्हणून जुना बागेचा पाइप उभा चिरून कडेवर चढवला. साडेतीन फूट रुंदीच्या या टाकीत 21 इंच पाणी भरलं की पाचशे लिटरच्या आसपास होतं.

हौद गच्चीवर ठेवू नका. पाणी आणि माणूस मिळून साडेपाचशे किलोंच्या वर वजन होतं, तेही एका चौरस मीटरहून कमी जागेत. घरांच्या गच्च्या साधारण चौरस मीटरला दीडशे किलोंच्या हिशेबाने धरतात. आमचा हौद अंगणात, फरशीवर आहे. खाली विटांचा एक थर, त्यावर जाड थर्माकोल, मिळून चार इंच. बाजूंनाही थर्माकोल गुंडाळून वरून ताडपत्री बांधली.

आता उंची. सगळं काम इथेच साधतं किंवा फसतं. कुणीतरी सांगितलं होतं की बंब जितका खाली तितकं पाणी चांगलं फिरतं. म्हणून आम्ही तो अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात मांडला. हौद भरत आला तसं बंबाच्या पाणी ओतायच्या तोंडातून पाणी बाहेर यायला लागलं, विस्तव विझला आणि राखेचा चिखल पार तुळशीपर्यंत गेला. जोडलेल्या दोन भांड्यांत पाण्याची पातळी एकच राहते, हे शाळेत शिकलेलं त्या घाईत आठवलं नाही. बंबाचं तोंड हौदातल्या पाण्याच्या वरच असायला हवं. आमचा बंब पायांसकट 30 इंच उंच आहे. हौदातलं पाणी जमिनीपासून 25 इंचांवर ठेवतो. माणूस आत बसला की ते तीन इंच चढतं, तरी दोन इंच शिल्लक राहतात.

बंबाच्या तळाशी तोटीचं भोक होतंच, तिथे गार पाण्याची नळी जोडली. गरम पाण्यासाठी तांबटाकडून जमिनीपासून 21 इंचांवर नवं तोंड डाकून घेतलं. हौदात ही नळी 23 इंचांवर शिरते, म्हणजे दोन इंच चढ मिळतो आणि तिचं तोंड पाण्याखाली राहतं. ते उघडं पडलं तर फिरणं थांबतं. नळी मध्ये कुठे खाली झुकली तर हवा अडकते, तेव्हाही तेच. दोन्ही नळ्या एक इंची जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या घ्या, तांब्याशी जोडताना पितळी युनियन (खोलता येणारा जोड) लावा, हौदाच्या भोकात नळी बसवायला टँक निपल आणि दोन्हीकडून रबरी वायसर. या दोन नळ्यांवर व्हॉल्व्ह मात्र अजिबात लावू नका आणि बंबाचं तोंड कधी घट्ट बंद करू नका. वाफेला निघायला वाट राहिलीच पाहिजे. बंब सोडून माझा सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत बसला.

पाचशे लिटर पाणी 15 अंशांवरून 39 अंशांवर न्यायला चौदा युनिट वीज लागते. पाण्यात बुडवायची दोन हजार वॅटची विजेची सळई सात तास चालवावी लागेल. शिवाय सळईच्या पाण्यात माणूस बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. आम्हाला बाभळीची बारा किलो सुकी बंबफोड, म्हणजे बंबात मावतील अशी फोडलेली लाकडं, आणि तीन तास लागतात. रंग लावलेलं लाकूड, प्लायचे तुकडे जाळू नका. हे सगळं उघड्यावरच करा. बंद न्हाणीघरात विस्तवाचा वायू जीव घेतो, त्याला ना वास ना रंग. हौदावर झाकण हवंच, कारण सगळ्यात जास्त ऊब वाफेबरोबर वरून जाते. आमचं झाकण प्लायचं आहे, आतून थर्माकोल लावलेला. नातू खेळायला येतो, म्हणून ते दोरीने बांधून ठेवते.

थर्मामीटर लावण्याआधी पाणी लांब काठीने तळापासून ढवळा. वर चटका आणि खाली गारठा अशीच अवस्था असते. माझ्या हौदात 38-39 अंश चालतं, चाळिसाच्या वर मी जाऊ देत नाही. माणूस आत उतरण्याआधी बंबातले निखारे चिमट्याने काढून घमेल्यात घ्या, कारण नळीतून येणारं पाणी भाजतं. नळीच्या तोंडापुढे मी लाकडाची फळीही बसवली आहे.

माईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पंधरा मिनिटं सांगितली, तेवढीच बसवते. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर न विचारता उतरू नये. बाहेर दगडाच्या दोन पायऱ्या आहेत, आत बसायला दगडाचाच आठ इंची ठोकळा आणि भिंतीत लोखंडी कठडा. उठताना भोवळ येते, म्हणून मी हात धरल्याशिवाय माई उभ्या राहत नाहीत. पहिल्या दिवशी पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा त्या डोळे मिटून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी या बंबाचं पाणी मला बाळंतपणात घातलं होतं गं."

पाण्यात मी काही औषध घालत नाही, म्हणून अंग धुऊनच उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं. तिघऱ्याच्या धरणातून शहराला येणारं पाणी वाया घालवायची छाती होत नाही. निवलं की हौदाच्या तळाची वेगळी तोटी उघडून ते अंगण धुवायला आणि पेरूच्या झाडाला देते. त्याआधी बंबात हात घालून बघते, एकही निखारा राहिलेला नको. पाणी उतरलं आणि विस्तव राहिला, तर तांब्याचे सांधे सुटतात.