विहिरीचा डिजिटल ट्विन: मोटर खरी जळायच्या आधी कॉम्प्युटरवर जाळून पाहा

गेल्या उन्हाळ्यात आमची ५ एचपीची मोटर जळली. रात्रपाळीची लाईन होती, ऑटो (लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा डबा) लावून सगळे झोपलो, विहीर उपसून गेली आणि मोटर सुकी फिरत राहिली. रिवाइंडिंगचे पैसे गेले ते गेले, वरून ऐन मे महिन्यात संत्र्याचा बगीचा चार दिवस बिनपाण्याचा राहिला. मग मी ठरवलं की नवीन कंट्रोलर (मोटर चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर) बसवायच्या आधी विहीर, मोटर, लाईन आणि कंट्रोलर सगळं आधी लॅपटॉपवर उभं करायचं. यालाच डिजिटल ट्विन म्हणतात, म्हणजे खऱ्या वस्तूची कॉम्प्युटरवरची जुळी, खऱ्या मोजणीवर चालणारी. बाबा म्हणाले, "कायले कॉम्प्युटरवर मोटर चालवतं रे, खरी जळून पडली ना!" पण कॉम्प्युटरवर मोटर कितीही वेळा जाळता येते, फुकटात, हाच तर सगळा फायदा आहे.

कसं केलं ते सांगतो. इथं विहीर आहे, पण रीत जिनिंगच्या मशीनला लावा नाहीतर गावच्या नळयोजनेला लावा, तीच राहते.

पहिलं काम, प्रश्न एकच पकडा. "पूर्ण वावराचा ट्विन करतो" असं म्हणणारे कुठंच पोचत नाहीत राजेहो, मी स्वतः दोन महिने त्यात घालवले. माझा प्रश्न एवढाच होता की रात्री ८ तास लाईन असली आणि वावरात कोणी नसलं, तर हा कंट्रोलर मोटर वाचवून ओलित पूर्ण करेल का? या प्रश्नाला जे लागत नाही ते मॉडेलमध्ये घ्यायचं नाही. झाडाची फांदी न् फांदी थ्रीडीमध्ये काढायची काही गरज नाही, चित्र सुंदर म्हणजे ट्विन नाही.

मग सिस्टीम मॉडेल. म्हणजे काय काय वस्तू आहेत, कोण कोणाला काय देतं. विहीर पाणी देते, मोटर प्रेशर देते, फिल्टर थोडं प्रेशर खातो, ड्रिप पाणी सोडतं, माती ते धरते, डीपीवरून थ्री फेज येते आणि जाते, कंट्रोलर लेव्हल आणि करंट वाचतो आणि स्टार्टरला हुकूम देतो. आधी वहीवर डबे आणि बाण काढा, मग सिसएमएलमध्ये (सिस्टीमचे असे नकाशे लिहायची ठरलेली भाषा) उतरवा. सिसएमएल २००७ पासून आहे, पण त्याचं दुसरं व्हर्जन ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये मंजूर केलं आणि त्यात मॉडेल सरळ टेक्स्टमध्ये लिहिता येतं, म्हणजे जुनं-नवं व्हर्जन सांभाळणं सोपं. प्रत्येक बाणावर युनिट लिहायचं, हे कंटाळवाणं वाटते पण माझी सगळ्यात मोठी चूक इथंच सापडली, पंपाचा डबा लिटर प्रति सेकंद देत होता आणि विहिरीचा डबा घनमीटर प्रति तास समजत होता. अन् एक, लाईनला पण वेगळा डबा द्या. शहरातले लोक वीज कायमची आहे असं धरून मॉडेल करतात, आपल्याकडं लाईन हाच सगळ्यात नखरेल पार्ट आहे.

आता गणित, म्हणजे खऱ्या वस्तूचं मॉडेल. यासाठी ओपनमॉडेलिका घ्या, समीकरणं देऊन वस्तू चालवून पाहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. विहिरीचं समीकरण एका ओळीचं आहे: विहिरीचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याची उंची बदलायचा वेग, बरोबर झरा वजा उपसा. आमची विहीर ६ मीटर व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर खाली गेलं की २८३ लिटर गेले. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, पंपाची एफिशियन्सी ५० टक्के धरली आणि एकूण हेड, म्हणजे पंपाला पाणी जितकं वर ढकलावं लागतं ते, ३० मीटर धरला (विहिरीची खोली, पाईपातलं घर्षण, वर ड्रिपला लागणारं साधारण १ बार प्रेशर म्हणजे १० मीटर, सगळं मिळून), तर तासाला २२-२३ हजार लिटर उपसा येतो.

झरा मोजायला इंजिनियर नको, दोरी पायजे. विहीर चांगली उपसा, मोटर बंद करा आणि दर १० मिनिटांनी दोरीनं पातळी मोजा. उपसा बंद आहे म्हणजे जे चढतं ते सगळं झऱ्याचं. आमच्याकडं मूळ पातळीच्या २ मीटर खाली असताना १० मिनिटांत ४ सेंटीमीटर चढलं, म्हणजे १,१३२ लिटर, म्हणजे तासाला जवळपास ६.८ घनमीटर. इथं लोक चूक करतात, हाच आकडा कायमचा धरतात. झरा कायम सारखा नसतो ना, विहीर भरलेली असली की झरा जवळजवळ थांबतो आणि जितकी खाली जाईल तितका जोरात येतो. म्हणून मी झरा "मूळ पातळीपासून किती खाली" याच्या पटीत ठेवला, मीटरमागं तासाला ३.४ घनमीटर. फूटव्हॉल्व्हच्या (पाईपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) वर ३ मीटर पाणी असलं तर झरा कायम ६.८ धरून साध्या भागाकारानं विहीर ५ तास २० मिनिटं पुरते असं येत होतं, मॉडेलनं सांगितलं ४ तास ५६ मिनिटं. लाईन ८ तासांची, म्हणजे शेवटचे ३ तास मोटर सुकी!

काही दिवसांच्या मोजणीवर आकडे जुळवा आणि काही दिवस बाजूला ठेवा, त्यावर फक्त तपासा. सगळ्याच डेटावर जुळवलं की मॉडेल शहाणं दिसते आणि पुढच्या आठवड्यात तोंडावर पडते. आणि हे आकडे मार्चचे आहेत, मे महिन्यात मूळ पातळीच खाली जाते, तेव्हा परत मोजा.

आता सॉफ्टवेअर मॉडेल, आणि माझ्या मते खरी मजा इथंच आहे, कारण विहीर आपल्याला फसवत नाही, कोड फसवतो. कंट्रोलरचं स्टेट मशीन, म्हणजे तो कोणकोणत्या अवस्थेत असू शकतो त्याचा नकाशा, काढा: बंद, लाईनची वाट, चालू, सुकी म्हणून लॉक, फेज गेली. एका स्टेटवरून दुसऱ्यावर कधी जायचं ते प्रत्येक बाणावर लिहा. मग तेच सी भाषेत लिहा आणि तीच फाईल सिम्युलेशनमध्ये पण आणि ईएसपी३२ (कंट्रोलरमधली चिप) मध्ये पण वापरा. सिम्युलेशनसाठी वेगळा कोड लिहिला तर तपासला एक आणि बसवला दुसरा, असं होते.

दोन्ही जोडायला एफएमआय नावाचं स्टँडर्ड आहे, मॉडेलिका असोसिएशनचं, दुसरं व्हर्जन २०१४ चं आणि तिसरं २०२२ चं. विहीर-पंपाचं मॉडेल ओपनमॉडेलिकातून एफएमयू म्हणून बाहेर काढायचं, कंट्रोलरच्या सी कोडचा दुसरा एफएमयू करायचा. एफएमयू म्हणजे जादू नाही, झिप फाईल आहे, आत एक एक्सएमएल वर्णन आणि चालवायचा कोड. पायथनमधलं एफएमपाय हे टूल दोघांना पावलापावलानं चालवते: विहिरीला एक पाऊल पुढं टाक म्हणायचं, लेव्हल आणि करंट घ्यायचा, कंट्रोलरला द्यायचा, त्याचा हुकूम परत विहिरीला. पाऊल मी १ सेकंदाचं ठेवलं. आधी १ मिनिटाचं ठेवलं होतं, तर फेज २० सेकंदासाठी जाऊन येत होती ते सिम्युलेशनला दिसतच नव्हतं. कोडमध्ये वेळ कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेऊ नका, सिम्युलेशनची वेळ आत द्या, नाहीतर दोन महिन्यांचा सीझन पळवायला दोन महिने लागतील.

मग मीटरजवळ बसून लाईन कधी आली-गेली त्याची जी नोंद केली होती ती लाईनच्या डब्यात टाकली. एका रात्रीत ९ वेळा ये-जा. आणि रन केल्यावर पाहतो तर काय, विहीर सुकल्यावर कंट्रोलर बरोबर लॉक झाला, पण पुढच्या वेळी लाईन जाऊन आली की सगळं विसरून परत मोटर चालू! लॉक फक्त रॅममध्ये होता, वीज गेली की पुसला जात होता. लॉक फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) लिहायला लावला तेव्हा थांबलं. काहून मोटर जळली ते तिथं कळलं, जुन्या ऑटोचं पण हेच होत असणार, त्याला तर लॉकच नव्हता.

दुसरी चूक, लॉक उघडायला मी ३० मिनिटांचा टायमर ठेवला होता. मॉडेलनं दाखवलं की ३० मिनिटांत फक्त १७-१८ सेंटीमीटर पाणी चढते आणि मोटर २०-२५ मिनिटांत परत सुकी. रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. टायमर काढला, १ मीटर पाणी चढल्याशिवाय उघडायचं नाही असं केलं. त्याला ३ तास २० मिनिटांच्या वर लागतात, म्हणजे एका रात्रीत ५ तासांचंच ओलित धरायचं, हे वेळापत्रकच बदललं.

तिसरी, जी वावरात कधी सापडलीच नसती. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. सिम्युलेशन ४९ व्या दिवसापासून सुरू केलं आणि माझा एक टायमर तिथं अडकला. लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम, वावरात तो दिवस नेमका कडक उन्हाळ्यातच आला असता.

सुकी मोटर फक्त अँपियरवर पकडू नका. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडवर साडेसातच्या आसपास अँपियर घेते, सुकी झाली की कमी, इथपर्यंत ठीक. पण रात्री उशिरा व्होल्टेज चढलं की रिकामी मोटर पण जास्त अँपियर खाते आणि ट्रिपची मर्यादा हुकते. मोटरच्या मॉडेलला व्होल्टेज इनपुट द्या, आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरी कामाला किती येते) किंवा खरे किलोवॅट पाहा, रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर एकदम पडतो, तो लपत नाही.

इतकं झाल्यावरच सेन्सर. स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर ४ मीटरच्या पुढं जात नाही, १२ मीटर विहिरीला पाण्यात सोडायचा प्रेशरवाला लेव्हल ट्रान्समीटर घ्या, ४ ते २० मिलिअँपियरचा. १५० ओहमचा रेझिस्टर लावला की ०.६ ते ३ व्होल्ट होतात. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टचीच आहे, पण ती टोकाजवळ सरळ वाचत नाही, म्हणून व्होल्टेजचा आकडा करणारी वेगळी एडीसी चिप लावली तर बरं. डेटा एमक्यूटीटीनं (सेन्सरचे छोटे संदेश पाठवायची पद्धत) घरी, टू-जीवर पण चालते.

पहिला महिना ट्विनला फक्त पाहू द्या, हुकूम देऊ देऊ नका. खरं आणि मॉडेल यातला फरक लिहीत जा, कामाची गोष्ट त्या फरकातच आहे. पाणी कमी आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक वाढला, तर फिल्टर चोक. प्रेशर पडलं आणि पाणी जास्त, तर पाईप फुटला, आमच्याकडं रानडुकरांनी उकरून फोडला होता तेव्हा ट्विननं बाबांच्या आधी सांगितलं. पाणी, प्रेशर दोन्ही ठीक पण पातळी मॉडेलपेक्षा रोज थोडी थोडी वर, तर झरा वाढला म्हणून खूश होऊ नका, आधी सेन्सर पाहा, त्यावर शेवाळ नाहीतर गाळ बसतो.

म्हणून ती गाठी मारलेली दोरी अजून विहिरीवरच टांगलेली आहे. दर रविवारी बाबा ती सोडतात, मला फोनवर आकडा सांगतात, ५ सेंटीमीटरच्या वर फरक असला की सेन्सर वर काढून धुवायचा आणि शून्य परत लावायचा.