अमेरिकेच्या जागतिक प्रभावाचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेच्या जागतिक प्रभावामुळे जगाचे भले अधिक झाले की वाईट, हा विषय महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत आणि स्पर्धा परीक्षांच्या निबंधांत वारंवार दिला जातो. विद्यार्थी तयारीसाठी येतात तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा दोन याद्या असतात. एकीत मार्शल योजना (दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपला दिलेली मदत), देवी रोगाचे निर्मूलन आणि इंटरनेट असते, तर दुसरीत हिरोशिमा, व्हिएतनाम आणि इराक. ज्या बाजूने बोलायचे तिची यादी लांबवायची, एवढ्यालाच ते तयारी समजतात. याद्यांतील बहुतेक नोंदी खऱ्या असतात, पण त्या शेजारी शेजारी ठेवल्याने निर्णय होत नाही. पुढे दिलेली पद्धत वेळखाऊ आहे आणि एका प्रकरणाला दोन-तीन संध्याकाळी सहज लागतात. मात्र तिच्यातून निघालेले मत उलटतपासणीत टिकते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न लहान करावा

‘प्रभाव’ या एका शब्दात सैन्य, डॉलर, धान्य, पेटंट, विद्यापीठे, गुप्तचर संस्था आणि चित्रपट असे सगळेच येते. म्हणून आधी एक निर्णय, एक देश आणि एक कालखंड निवडावा. ‘अमेरिकेने भारताला मदत केली का’ असे विचारण्यापेक्षा ‘१९६५ ते १९६७ या काळात अमेरिकेने भारताला धान्य कोणत्या अटींवर दिले’ असे विचारावे. त्यानंतर तो निर्णय नेमका कोणाचा होता, हे लिहून काढावे. अध्यक्ष, काँग्रेस (म्हणजे तेथील संसद), परराष्ट्र खाते, एखादी खासगी कंपनी आणि एखादे धर्मादाय प्रतिष्ठान यांचे हेतू सारखे नसतात, आणि कित्येकदा ते एकमेकांच्या विरोधात उभे असतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली तेव्हा ढाक्यातील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल रोजी तार पाठवून आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध केला. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी धोरण बदलले नाही, उलट ब्लड यांनाच ढाक्यातून हलवण्यात आले. त्या वर्षाच्या नोंदीत ‘अमेरिका’ एवढेच कर्तृपद लिहिले, तर तार पाठवणारा आणि ती बाजूला सारणारा हे दोघेही एकाच शब्दाखाली झाकले जातात.

एक प्रकरण शेवटपर्यंत न्यावे

धान्याचेच प्रकरण घेऊ, कारण त्याची आठवण महाराष्ट्रातील कित्येक घरांत अजून आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील रेशनचा परदेशी गहू आणि तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्याशी अवश्य बोलावे. परंतु त्यांचे बोलणे हा आरंभ समजावा, पुरावा नव्हे.

हे धान्य मुख्यतः ‘पीएल ४८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९५४ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याखाली येत असे. त्या कायद्यामागचा एक उघड हेतू अमेरिकेतील शेतकऱ्यांकडे साठलेल्या जादा धान्याला गिऱ्हाईक मिळवून देणे हा होता. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, आणि भारताला किंमत डॉलरऐवजी रुपयांत देता आली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशासाठी ही सवलत मोठी होती. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले, बिहारमध्ये दुष्काळ पडला आणि १९६६ मध्ये भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले, त्यातील मोठा वाटा अमेरिकेचा होता. त्या धान्याने माणसे वाचली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पण नोंद येथे संपवू नये. याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षावर्षाचे करार थांबवून धान्य थोडे थोडे, अल्प मुदतीसाठी सोडण्याचे धोरण ठेवले. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे हा त्यामागचा एक आग्रह होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करीत असलेली टीका त्यांना झोंबत होती, हे दुसरे कारण. पुढचे जहाज येईल की नाही, या चिंतेत दिल्लीतील सरकारने ते महिने काढले. एखाद्या उपाशी देशाचा घास असा हातात धरून ठेवणे मला तरी अमानुष वाटते, आणि धान्य पोहोचले म्हणून ते क्षम्य ठरते, असे मी मानत नाही.

आता याच्याही पुढे जावे. त्या अपमानामुळे अन्नधान्यात स्वावलंबी होण्याचा निर्धार पक्का झाला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. ते बियाणे नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेक्सिकोत ज्या कामातून तयार केले, ते काम रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशाने १९४० च्या दशकात सुरू झाले होते. म्हणजे ज्या देशाच्या अध्यक्षाने दोर आवळला, त्याच देशातील एका प्रतिष्ठानाच्या कामाने तो दोर सोडवायला हातभार लावला. आणि त्या बियाण्याला भारतीय मातीत रुजवण्याचे श्रेय तेव्हाचे शेतीमंत्री चिदंबरम सुब्रमण्यम, शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन आणि पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांचे आहे. शेवटी, धान्याच्या किमतीपोटी अमेरिकेच्या खात्यात साचलेल्या रुपयांपैकी १६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेने १९७४ मध्ये भारताला परत दिला. एवढे सगळे मांडून झाल्यावर ‘मदत होती की दबाव’ हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो, कारण एकाच जहाजातून दोन्ही गोष्टी आल्या होत्या.

कारण आणि योगायोग वेगळे करावेत

याच प्रकरणात एक मोठा सापळाही आहे. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, ते पीएल ४८० च्या गव्हातून आले, असे महाराष्ट्रात सर्रास सांगितले जाते. हे गवत पुण्यात आढळल्याची नोंद १९५५ ची आहे, आणि भारताशी पहिला करार झाला तो त्यानंतरच्या वर्षी. म्हणून त्या कायद्याचे नाव येथे बसत नाही. अमेरिकन गहू मात्र त्याआधीही, १९५१ च्या कर्जावर आलेला होता, त्यामुळे आयात गव्हाबरोबर बी आल्याची शक्यता खोडून काढता येत नाही. कोणत्याही देशावर आरोप करताना किंवा त्याला श्रेय देताना तारखा अशा एकापुढे एक मांडून पाहाव्यात. आधी घडलेल्या गोष्टीचे कारण नंतरच्या निर्णयात सापडत नाही, हे सांगायला नको. तरीही वादात ही चूक पदोपदी होते.

एकाची जमा दुसऱ्याच्या नावे टाकू नये

पुष्कळ जण खरी गफलत करतात ती येथे, म्हणून थोडे थांबून सांगतो. २८ जानेवारी २००३ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी काँग्रेससमोर वार्षिक भाषण केले. त्या एकाच भाषणात त्यांनी आफ्रिका आणि कॅरिबियन भागातील एड्सशी लढण्यासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याचा प्रस्ताव मांडला, आणि इराकविरुद्ध युद्धाची बाजूही मांडली. पहिल्या प्रस्तावातून ‘पेपफार’ ही योजना उभी राहिली, जिने अडीच कोटी जीव वाचवल्याचा अमेरिकन सरकारचा दावा आहे. दुसऱ्यातून मार्च २००३ चे आक्रमण झाले. ज्या महासंहारक अस्त्रांचे कारण दिले होते ती सापडली नाहीत, आणि लाखो इराकी माणसे मेली किंवा घरादाराला मुकली.

या दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून शिल्लक काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. औषध मिळून जगलेली युगांडातील आई आणि बगदादमध्ये मुलगा गमावलेली आई या दोघींची खाती वेगळी आहेत, आणि एकीच्या जमेतून दुसरीचे नावे फेडता येत नाही. ‘एकूण फायदा’ हा शब्द ज्याच्या वाट्याला नुकसान आले नाही त्यालाच सोपा जातो. म्हणून कागदावर देशांचे नव्हे, माणसांच्या गटांचे रकाने आखावेत: कोणाला मिळाले, कोणी भरले, आणि भरणाऱ्याला कोणी विचारले होते का.

पेपफारच्या रकान्यातही श्रेयाची वाटणी नीट करावी. एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च एका रुग्णामागे १०,००० डॉलरच्या पुढे असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्याआधीच्या काही वर्षांत स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला म्हणून दक्षिण आफ्रिकेवर औषध कंपन्यांनी खटला भरला होता, आणि अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानेही त्या देशावर दबाव आणला होता. पेपफारने सुरुवातीला महागडी ब्रँडेड औषधेच घेतली. भारतीय जेनेरिक औषधांना मान्यता मिळू लागल्यावर मात्र त्याच पैशात कितीतरी अधिक रुग्णांना औषध मिळू लागले. म्हणून पैशाचे श्रेय वॉशिंग्टनला देताना औषधाचे श्रेय मुंबईकडे वळते करावे, आणि आधीच्या अडवणुकीची नोंदही त्याच पानावर ठेवावी.

काय घडले नसते, हे विचारावे

मार्शल योजनेखाली १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर मिळाले. युरोप त्यामुळेच उभा राहिला, असे म्हणण्याआधी तेथील कुशल कामगार, कारखानदारीची जुनी परंपरा आणि आधीच सुरू झालेली पुनर्बांधणी हिशेबात धरावी. पैशाने वेग आला, हे म्हणणे अधिक खरे आहे.

हीच कसोटी नुकसानीलाही लावावी. ग्वाटेमालात निवडून आलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला, त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची पडीक जमीनही गेली, आणि १९५४ मध्ये सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने उभ्या केलेल्या उठावात त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली, आणि सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये मृत व बेपत्ता माणसांचा आकडा २ लाखांहून अधिक सांगितला. त्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते. या प्रत्येक मृत्यूला अमेरिका एकटी कारण नाही, कारण गोळ्या तेथील लष्कराने झाडल्या. पण जमीन शांततेने वाटली जाण्याची जी एक वाट होती ती कोणी बंद केली, हे स्पष्ट आहे, आणि १९९९ मध्ये ग्वाटेमालात जाऊन अध्यक्ष क्लिंटन यांनीही अशा लष्कराला दिलेला पाठिंबा चूक होता, असे मान्य केले.

माघारीचीही नोंद ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंद केली. एखाद्या देशाचे दवाखाने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या पैशावर चालू ठेवणे आणि मग एका सहीने तो पैसा थांबवणे, या दोन्ही कृती प्रभावाच्याच आहेत.

पुरावा कोठून येतो, हे पाहावे

अमेरिकेच्या चुका आपल्याला इतक्या तपशिलाने ठाऊक असण्याचे एक कारण असे की त्यांतील बऱ्याच तिच्याच कागदपत्रांतून बाहेर आल्या. परराष्ट्र खाते आपला जुना पत्रव्यवहार खंडांमागून खंड प्रसिद्ध करते, १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने सीआयएच्या कारवायांची चौकशी केली, आणि इराणमधील १९५३ च्या उठावातील आपला हात सीआयएने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या कागदांत मान्य केला. उलट ब्रिटिशांनी वसाहती सोडताना कित्येक फायली जाळल्या. ज्याचे दप्तर उघडे आहे तोच सर्वांत मोठा अपराधी, असा समज त्यामुळे सहज होतो. दुसऱ्या सत्तांशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा. त्याच वेळी कागद उघडे झाल्याने मेलेले परत येत नाहीत, हेही विसरू नये.

स्वतःचे आसनही तपासावे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचे दरवाजे उघडल्यावर ज्या मराठी घरांतील कोणी तेथे शिकायला किंवा नोकरीला गेले, त्या घराला अमेरिका उदार वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेची विमानवाहू ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी ज्यांनी रेडिओवर ऐकली, त्यांना ती तशी वाटत नाही. दोघांनाही आपला अनुभव बाजूला ठेवायला सांगू नये. तो कोणत्या रकान्यात बसतो, एवढे विचारावे.

निष्कर्ष लिहिताना

निष्कर्ष एका वाक्यात मागितला असेल तरी त्यात क्षेत्र आणि काळ घालावा. माझे मत विचारले तर मी असे लिहीन: रोग, शेती आणि विज्ञान यांत अमेरिकेने इतरांबरोबर मिळून जे केले त्याने भले अधिक झाले, आणि दुसऱ्या देशात सत्तेवर कोण असावे हे जेथे जेथे तिने ठरवू पाहिले तेथे बहुतांशी वाईट झाले. याला अपवाद आहेत. जपान आणि पश्चिम जर्मनी हे त्यांतले मोठे, आणि वाद करणाऱ्याने ते स्वतःहून पुढे ठेवावेत, प्रतिस्पर्ध्याने काढण्याची वाट पाहू नये.

हिशेबाच्या पानावर ‘पूर्ण’ असा शेरा मारण्याआधी प्रत्येक नोंदीपुढे परिणाम थांबला की चालू आहे, हे लिहावे. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील क्लस्टर बॉम्बच्या सुमारे २७ कोटी लहान स्फोटक गोळ्यांपैकी अंदाजे ८ कोटी फुटल्याच नाहीत. २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्या काढण्यासाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देऊ केले. लाओसच्या शियांग ख्वांग प्रांतातील शेतांत ते काम अजून चालू आहे, आणि नांगर चालवणाऱ्याला जमिनीत काय लागेल याची खात्री नसते. ती नोंद ‘चालू’ या रकान्यात ठेवावी.