मॉडेलला वॉश मारताय? आधी ग्लॉस कोट

प्लॅस्टिकच्या रणगाड्याच्या किंवा विमानाच्या मॉडेलला वॉश (म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा अगदी पातळ रंग) मारल्यावर अख्खं मॉडेल डागाळल्यासारखं दिसतंय ना, तर नव्वद टक्के वेळा चूक वॉशची नसते, खालच्या मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगाची असते. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, तो वॉश शोषून घेतो आणि मग कितीही पुसा, निघत नाही. म्हणून आधी अ‍ॅक्रिलिक ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर मारा आणि एक रात्र तरी वाळू द्या, घाई नको.

मग ऑइल पेंट नाहीतर इनॅमलचा वॉश, साधारण १ भाग रंग आणि ९ भाग व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचा थिनर), म्हणजे जवळपास घाणेरडं पाणीच. सगळीकडे फासायचं नाही हं! बारीक ब्रशचं टोक पॅनल लाइनला (पत्र्यांच्या जोडाची खाच) किंवा रिव्हेटच्या कडेला नुसतं टेकवायचं, वॉश आपोआप खाचेतून पळत जातो, हे बघायलाच जाम मजा येते. १५-२० मिनिटांनी स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश घेऊन जास्तीचं पुसायचं, रणगाड्यावर वरून खाली, विमानाच्या पंखावर पुढून मागे, कारण खरी घाण पण तशीच ओघळते.

काळा रंग शक्यतो टाळा, फार कार्टूनसारखं दिसतं. हिरव्यावर गडद तपकिरी, पांढऱ्यावर राखाडी.

आणि हो, रंग न दिलेल्या उघड्या प्लॅस्टिकवर किंवा ताणून चिकटवलेल्या जोडावर थिनर साचू देऊ नका, प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं, माझी एक लँडिंग गिअर अशीच गेली. शेवटी मॅट वार्निश मारलं की ग्लॉसची चकाकी जाते.