कमिटमध्ये तिकीट नंबर लिहिताना या चुका टाळा

‘मायनर फिक्स’ एवढाच कमिट मेसेज (कोडमधल्या बदलासोबत लिहायची नोंद) दिसला की मी रिव्ह्यू तिथेच थांबवतो. कोड कितीही चांगला असो, आधी तिकीट नंबर, म्हणजे ज्या कामासाठी किंवा तक्रारीसाठी बदल केला त्याच्या नोंदीचा क्रमांक.

या हट्टामागे कारण आहे. आमच्या रिफंडच्या कोडमध्ये एक विचित्र अट होती: तोच व्यवहार दहा मिनिटांत पुन्हा आला तर सोडून द्यायचा. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाला ती निरुपयोगी वाटली. त्याने गिट ब्लेम (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची, कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, म्हणजे त्याच्या परीने नीट चौकशी केली. हाती काय लागलं? ‘मायनर फिक्स’. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मुलाने अट काढली, मी मंजुरी दिली. शनिवारी रात्री बँकेकडून उत्तरं उशिरा येऊ लागली, सिस्टिम तीच विनंती पुन्हा पाठवत राहिली आणि काही ग्राहकांच्या खात्यात दोनदा पैसे गेले. सोमवारी जिरा (तिकिटं ठेवायचं सॉफ्टवेअर) उपसताना जुनं तिकीट सापडलं. हाच घोळ, स्क्रीनशॉटसकट! कमिटमध्ये त्याचा नंबर असता तर त्या मुलाने अटीला हातही लावला नसता.

गिटहबवर (गिटचा कोड ठेवायची वेबसाइट, तिथेही तिकिटं ठेवता येतात) वेगळीच गंमत होते. एडिटर उघडून लोक पहिली ओळच ‘#४१२ रिफंडची अट’ अशी लिहितात. # ने सुरू होणारी ओळ गिट टिप्पणी समजून काढून टाकतं. खाली आणखी मजकूर असेल तर कमिट होतो, नंबर मात्र गायब. काहीच नसेल तर कमिटच रद्द. म्हणून मी नंबर ओळीच्या शेवटी लिहितो.

‘फिक्सेस #४१२’ (इंग्रजीत, fixes #412 असं) लिहिलेला कमिट मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेत, गेला की गिटहबवरचं तिकीट आपोआप बंद होतं. ‘डझ नॉट फिक्स #४१२’ लिहिलंत तरी होतं, कारण गिटहबला नकार कळत नाही. अर्धवट कामाला नुसता नंबर द्या.

दोन तिकिटं असतील तर ‘फिक्सेस’ प्रत्येक नंबराआधी लिहा.

ब्रँचच्या नावातून नंबर उचलणारा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) नवीन मुलं पहिल्याच दिवशी मागतात. मी देत नाही. कालच्याच ब्रँचवर आजचं काम केलं की हुक कालचा नंबर बिनदिक्कत चिकटवतो, आणि चुकीचा नंबर नसलेल्या नंबरापेक्षा वाईट, कारण त्यावर लोक विश्वास ठेवतात. थोडे दिवस हाताने लिहा. कमिट करण्याआधी तिकीट उघडून त्याचं शीर्षक एकदा वाचा. मी अजूनही वाचतो.