इमर्जन्सी टॉर्चमध्ये लिथियम सेल बसवला (माझा अनुभव)
लाईट गेल्यावर लावायची जुनी टॉर्च, आतली ४ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी फुगून मेलेली, म्हटलं १८६५० चा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, गोल) लिथियम सेल टाकून बघू. सेलवर डायरेक्ट सोल्डर मारायचं नाही, तापून आतून खराब होतो, म्हणून होल्डर आणला आणि वायरी त्याला जोडल्या. जुनं चार्जिंग सर्किट अख्खं काढलं, ते लिथियमसाठी नसतंच, त्याजागी टीपी४०५६ मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड, प्रोटेक्शनवालंच (सेल जास्त उतरू न देणारं, शॉर्टपासून वाचवणारं) घ्या हं, त्यावरचे बी प्लस बी मायनस सेलला आणि आऊट प्लस आऊट मायनस स्विच-दिव्याकडे जाणाऱ्या दोन वायरींना. ४.२ व्होल्टला चार्जिंग आपोआप थांबतं. २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न पुरलं. असल्याच सेलवर बाहेरदेशी लोक ई-सिगारेट बनवतात, आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ती बनवणं-विकणं बंद आहे, आणि तसंही लोडशेडिंगमध्ये टॉर्चच कामाची.