सेवियात पाऊस लागला तर: नव्या मंडळींसाठी

दर वर्षी सप्टेंबरात आपली नवी मंडळी दक्षिण स्पेनमधल्या सेवियात उतरतात. कुणी विद्यापीठात, कुणी विमानांच्या कारखान्यात, कुणी आयटीत. पहिला महिना-दीड महिना उन्हाने जीव नकोसा होतो. मग ऑक्टोबर संपता संपता अटलांटिककडून ढग येतात आणि एका रविवारी सकाळी फोन सुरू होतात, ‘ताई, पाऊस पडतोय, घरात बसवत नाही, कुठे जायचं?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

इथे वर्षाला पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा होऊन जातो. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत, जे काही पडायचं ते ऑक्टोबर ते एप्रिल. सवय नसल्याने दोन थेंब पडले की सेवियाची माणसं ठरलेली भेट बिनदिक्कत रद्द करतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यावर राग नसतो. तुम्ही मात्र बाहेर पडा, कारण इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. संगमरवरी फरशी, उंच छत आणि बहुतेक घरांत सेंट्रल हीटिंग नाही. जानेवारीत घरापेक्षा म्युझियम उबदार असतं. निघण्याआधी गच्चीवरचे कपडे तेवढे आत घ्या. कधीकधी इथे सहारातली धूळ घेऊन पाऊस येतो आणि पांढऱ्या चादरी विटकरी होतात.

कुठे जायचं याआधी एक कागद. घरभाडं करार झाला की लगेच आपल्या भागातल्या पालिका कार्यालयात जाऊन एंपाद्रोनामिएंतो, म्हणजे रहिवासी नोंद, करून घ्या. आरोग्य कार्डासाठी ती लागणारच आहे, पण तिचा दुसरा उपयोग फारसं कुणी सांगत नाही. शहराच्या रहिवाशांना आल्कासार राजवाडा फुकट आणि सेवियाच्या धर्मप्रांतात राहणाऱ्यांना कॅथेड्रल फुकट. ताजा दाखला आणि ओळखपत्र सोबत ठेवायचं. पर्यटक म्हणून तिकीट काढलं की पैसे वसूल करायला माणूस चार तास पाय ओढत फिरतो. रहिवासी म्हणून जाता तेव्हा एकच दालन बघून बाहेर पडता येतं, राहिलेलं पुढच्या पावसात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या जागेच्या संकेतस्थळावर नजर टाका.

दुसरी गोष्ट. इथे ‘आत’ म्हणजे छपराखाली असं धरून चालू नका. जुनी घरं आणि राजवाडे आपल्या वाड्यांसारखे चौकाभोवती बांधलेले, आणि चौक वरून उघडा. कासा दे पिलातोस बघायला सगळे भर पावसात धावतात. तिथल्या सोळाव्या शतकातल्या टाइल्स अप्रतिम आहेत, पण एका दालनातून दुसऱ्यात जाताना तुम्ही भिजणार. आल्कासारचंही तसंच. बागा हे त्याचं अर्धं सौंदर्य, आणि वाऱ्याचा इशारा असला की त्या बंद ठेवतात. तरी गेलातच तर तीन गोष्टी बघा. एक, राजदूतांच्या दालनाचा सोनेरी लाकडी घुमट, 1427 चा. दोन, आलेहो फेर्नान्देसचं ‘नाविकांची माता’. मेरीच्या झग्याखाली जहाजं, व्यापारी आणि मागच्या अंधारात अमेरिकेचे मूळ रहिवासी. तीन, मारिया दे पादियाची ‘स्नानगृहं’. नाव स्नानगृह, प्रत्यक्षात ती पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. कमानींची लांब रांग आणि खाली त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब. पावसाळी दिवशी याहून समर्पक जागा नाही.

कॅथेड्रल आणि त्याच्या शेजारची आर्चीवो दे इंदियास, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या कारभाराचं दप्तरखाना, ही जोडी मात्र एकत्र बघा, कारण दुसरी इमारत उभी राहिली त्यात पावसाचाही हात आहे. 1503 मध्ये सेवियात अमेरिकेच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय आलं आणि तिकडचा सगळा कायदेशीर माल या एकाच शहरातून जाऊ लागला. व्यापाऱ्यांना बसायला जागा नव्हती. ते कॅथेड्रलच्या भोवतालच्या पायऱ्यांवर सौदे करायचे आणि ऊन किंवा पाऊस वाढला की सरळ आत शिरायचे, सांगतात की काही जण जनावरांसकट. आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू आणि बाजूला चांदीचे भाव. पायऱ्यांभोवतीचे खांब आणि साखळदंड आजही आहेत. शेवटी आर्चबिशपने राजाकडे, दुसऱ्या फिलिपकडे, गाऱ्हाणं नेलं आणि व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारत ठरली. आराखडा हुआन दे एरेराचा, आणि 14 ऑगस्ट 1598 पासून तिथे व्यवहार सुरू झाले. पुढे नदीत गाळ साचला, मोठी जहाजं वर येईनाशी झाली आणि 1717 मध्ये व्यापाराचं कार्यालय कादिसला गेलं. रिकाम्या झालेल्या इमारतीत तिसऱ्या कार्लोसने 1785 मध्ये अमेरिकेच्या कारभाराची कागदपत्रं आणून ठेवली. आज सुमारे 43 हजार बस्ते आहेत, पानं आठ कोटींच्या घरात.

प्रवेश फुकट, गर्दी बेताची आणि छप्पर भक्कम. वर जायचा जिना लालसर संगमरवराचा, दालनात क्यूबाच्या महोगनीची कपाटं. कपाटांत दिसणारे खोके बहुतेक रिकामे आहेत, खरे कागद हवामान राखलेल्या कोठारांत. नावातल्या इंदियासवर जाऊ नका, तो शब्द अमेरिकेसाठी आहे, आपल्या बाजूचं काही शोधायचं तर लिस्बन आणि पणजी गाठा. पण इथल्या एका अर्जाची गोष्ट प्रत्येक स्थलांतरिताने ऐकावी अशी आहे. 1590 मध्ये सर्व्हांटेसने, ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या लेखकाने, अमेरिकेत नोकरी मिळावी म्हणून अर्ज केला. तेव्हा तो आंदालुसियात, म्हणजे सेवियाच्याच प्रांतात, आरमारासाठी धान्य आणि तेल गोळा करत खेड्यापाड्यांतून हिंडत होता. अर्जावर शेरा पडला, इकडेच काहीतरी बघा. तो कागद या संग्रहात आहे. व्हिसाच्या खिडकीवरून परत आलेल्या आपल्या कुणालाही त्या शेऱ्याची भाषा ओळखीची वाटेल.

आणखी एक गंमत आपल्यासाठी. या बंदराने युरोपला ज्या अमेरिकन पिकांची ओळख करून दिली, त्यातली बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही मंडळी आपल्या एकादशीच्या ताटात बसली आहेत. ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून, सेवियातून नव्हे. तरी त्या कपाटांसमोर उभं राहून साबुदाण्याची खिचडी आठवतेच.

कॅथेड्रलबद्दल थोडक्यात. मशिदीच्या जागी पंधराव्या शतकात बांधलेलं, जगातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक चर्चपैकी एक. कोलंबसची शवपेटी कास्तील, लेओन, आरागोन आणि नावार्रा या चार राज्यांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली आहे. तिथेच गर्दी थबकते. तुम्ही जवळच्या विर्हेन दे ला आंतिगुआच्या चॅपेलमध्ये जा. मॅगेलनसोबत 1519 मध्ये निघालेल्यांपैकी व्हिक्टोरिया जहाजावरून 1522 मध्ये अठरा जण परत आले आणि हातात मेणबत्त्या घेऊन, अनवाणी, या मेरीसमोर आले. पृथ्वीला वळसा घालून आलेली ती माणसं. हिराल्दा मनोरा आतून चढायचा असतो आणि पायऱ्यांऐवजी उतरण आहे, 35 वळणांची, त्यामुळे आई-बाबा आले असतील तरी हळूहळू जमतं. वर मात्र चारही बाजूंनी वारा, चश्मा सांभाळा. तिकीट काढलंत तर त्यातच एल साल्वादोर चर्चही येतं, ते फेकून देऊ नका.

आता माझी लाडकी जागा, ओस्पिताल दे ला कारिदाद. कॅथेड्रलपासून नदीच्या दिशेला पाच मिनिटं. मिगेल मान्यारा नावाच्या श्रीमंत माणसाने बायको गेल्यावर सगळं या धर्मादाय संस्थेला वाहिलं. गरिबांना जेवण, बेवारस मृतांना माती. इथे आजही वृद्धांचा सांभाळ होतो. ‘जगातल्या सर्वांत वाईट माणसाची हाडं आणि राख इथे आहे’ असा लेख आपल्या थडग्यावर कोरावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्यावर पडावेत ही त्याची इच्छा होती.

आत शिरल्यावर मागे वळून बघा. दाराजवळ समोरासमोर वाल्देस लेआलची 1672 ची दोन चित्रं आहेत. एकात सांगाडा पृथ्वीच्या गोलावर पाय ठेवून उभा, काखेत शवपेटी, हातात विळा, आणि दुसऱ्या हाताने तो मेणबत्ती विझवतोय. खाली मुकुट, पुस्तकं, तलवारी, सगळं एकावर एक पडलेलं. दुसऱ्यात एक बिशप शवपेटीत कुजत पडला आहे, अंगावर भरजरी वस्त्रं आणि त्यांवर किडे. जवळ जाऊन किडे मोजावेसे वाटतात इतक्या बारकाईने काढलेत. वर एका जखमी हातातून तराजू लोंबतो, एका पारड्यावर लिहिलंय ‘अधिक नको’, दुसऱ्यावर ‘कमी नको’. एवढं पाहून झाल्यावर नजर वेदीकडे न्यायची. तिथे मुरियोची चित्रं, खडकातून पाणी काढणारा मोझेस, भाकरी आणि मासे. आधी मरणाची धास्ती, मग दयेची कामं, असा क्रम मान्याराने मुद्दाम लावला होता. मुरियोची चार चित्रं नेपोलियनच्या फौजेचा सेनापती सूल्त घेऊन गेला, त्या जागी आता नकला आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर बिशपसमोर फार रेंगाळू नका.

दुपारी दोन ते पाच-सहा ही अवघड वेळ, कारण छोटी चर्चं बंद होतात. ती वेळ म्युझेओ दे बेयास आर्तेसमध्ये घालवा. मंगळवार ते शनिवार रात्री नऊपर्यंत उघडं असतं, युरोपीय नागरिकांना फुकट आणि आपल्या पासपोर्टला दीड युरो, त्यासाठी हुज्जत नको. मूळचा मठ, आणि त्याचं जुनं चर्च हेच मुख्य दालन. तिथे मुरियोच्या हुस्ता आणि रुफिना शोधा. नदीपलीकडच्या त्रियाना भागातल्या कुंभार बहिणी, पायाशी मडकी, मधोमध हिराल्दा. भूकंपात त्यांनीच मनोरा धरून ठेवला अशी इथली श्रद्धा.

नदीपलीकडे त्रियानाच्या मंडईखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत. 1481 पासून इथे इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाचं, ठाणं होतं. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 चं, पोर्तुगीजांचं, पण त्याच कुळीचं. त्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्यांना इथले फलक वाचायला वेळ लागतो. बघून वर मंडईत आलं की समोर भाजीचे ढीग.

फुकटात आणि घाईत असाल तर विद्यापीठाची मुख्य इमारत. अठराव्या शतकातला राजाचा तंबाखूचा कारखाना, अवाढव्य, भोवती खंदकही आहे. आत नुसतं फिरायला कुणी अडवत नाही. सेतास नावाच्या, अळंबीसारख्या प्रचंड लाकडी छत्र्यांखाली तळघरात रोमन घरांचे अवशेष आहेत, पार्किंगसाठी खोदताना सापडले. ते बघा, वरचा फेरफटका उन्हासाठी ठेवा. मारिया लुईसा पार्कातलं पुरातत्त्व संग्रहालय 2020 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं, उघडल्याची खात्री करूनच तिकडे वळा. पार्कही वादळी इशाऱ्याला बंद असतो.

खाण्याचं. सकाळी कालेंतीतोस, बाकी स्पेन ज्यांना चुरोस म्हणतो ते. वजनावर मिळतात, कागदात गुंडाळून, सोबत दाट चॉकलेट. दुपारी शाकाहाऱ्यांनी एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागवावं, पालक आणि छोले, वर चक्क जिऱ्याचा वास. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. हॅम आणि ट्यूना ही त्यांच्या मते मांसात मोडत नाहीत, नाव घेऊन नको म्हणा. साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटोच्या दाट थंड सूपवर, हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात, तिथेही तेच. गोड हवं तर मठात जा. सान लेआंद्रोच्या भिंतीत लाकडी फिरतं कपाट आहे, तोर्नो. बेल वाजवायची, आतून ‘आवे मारिया पुरीसिमा’ ऐकू येतं, आपण ‘सिन पेकादो कोंसेबिदा’ म्हणायचं, पैसे ठेवायचे, कपाट फिरतं आणि डबा बाहेर. जोगीण दिसत नाही. तिथले येमास म्हणजे निव्वळ अंड्याचा बलक आणि साखर, अंडं न खाणाऱ्यांनी सान्ता पाउलातला संत्र्याचा मुरंबा घ्यावा. रस्त्यावरच्या झाडांची संत्री मात्र तोंडात घालू नका, कडू असतात.

चालताना: जुन्या घरांच्या पन्हाळी थेट गल्लीत ओततात, भिंतीला चिकटून चाललात तर दुप्पट भिजाल. मध्यभागातल्या गुळगुळीत फरश्यांवर चामड्याच्या तळाचे बूट नकोत. होली वीक, म्हणजे ईस्टरआधीचा मिरवणुकांचा आठवडा, संपल्यानंतरचे काही दिवस रस्त्यावर मेणबत्त्यांचं मेण सांडलेलं असतं, त्यावर सर पडली की सायकलवाले हमखास आडवे होतात. आणि पावसाने सोमवार निवडला तर म्युझियमं बहुतेक बंद, त्या दिवशी कॅथेड्रल किंवा आल्कासार धरा. रहिवासी नोंद अजून झाली नसेल तरी आल्कासारला सोमवारचा शेवटचा तास फुकट असतो, फक्त आधी ऑनलाइन जागा धरायची आणि नोंदणीचा एक युरो द्यायचा.

होली वीकमध्येच पाऊस आला तर वेगळा हिशोब. शेकडो वर्षं जुन्या मूर्ती भिजू नयेत म्हणून बंधुसंघ, म्हणजे मिरवणुका काढणारी चर्चची मंडळं, ऐन वेळी मिरवणूक रद्द करतात. वर्षभर तयारी केलेली मोठी माणसं दारात ढसाढसा रडताना दिसतील, तेव्हा फोटो काढू नका. पण अनेकदा मग चर्चचं दार उघडतात आणि मूर्तींचे ते प्रचंड सजवलेले चौथरे लोकांना आत जाऊन जवळून बघता येतात, ताज्या फुलांसकट, पेटवायच्या राहिलेल्या मेणबत्त्यांसकट. रस्त्यावरच्या गर्दीत हे चार हातांवरून कधी दिसत नाही. मिरवणूक रद्द झाल्याची बातमी स्थानिक रेडिओवर आधी येते. ऐकली की लगेच निघा, अर्ध्या तासात रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली असते.